मानपानाचं सॉफ्टवेअर

तीर्थपुरीत कुणाचंही लग्न निघालं की मुजाहिदला बोलावणं येतं. घर हिंदूचं असो की मुसलमानाचं. त्याला मांडव घालता येत नाही, स्वयंपाकातलं कळत नाही आणि आवाज तर असा की हातात माईक दिला तरी मागच्या रांगेला वाटावं लाईट गेली. तरी तो लागतोच. टॉवेल-टोपी कुणाला, शाल कुणाला, कुठल्या मामाचं नाव आधी पुकारायचं आणि कुठल्या आत्याच्या यजमानांना हाताला धरून पुढं बसवायचं, हे त्याच्यासारखं कुणाला सांभाळता येत नाही. त्याच्या हाताखालून गेलेल्या लग्नात कुणी न जेवता उठून गेल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

धंद्यानं मात्र तो सॉफ्टवेअरवाला. पुण्यातल्या एका कंपनीत चांगल्या जागेवर होता. वडील लालमियाँ वारले, आई नूरबी घरात एकट्या पडल्या, तेव्हा लॅपटॉप उचलून गावी आला आणि बियाण्याच्या दुकानावरची खोली घेऊन स्वतःचं काम सुरू केलं. त्या खोलीत मी, सुरेखा, त्याच्याबरोबर काम करते. माझं माहेर मंठ्याचं, सासर इथलं. तोंडावर मी त्याला मुजाहिदभाई म्हणते, पाठीमागं नुसतं मुजाहिद. मला राग पटकन येतो आणि आला की शेजारच्या गल्लीत कळतो. मुजाहिदला राग येतो की नाही, याचा शोध अजून लागायचा आहे.

त्याचा स्वभाव एका गोष्टीत सांगते. शहागडला क्रिकेटचे सामने होते आणि ह्याला पंच केलं होतं. एका चेंडूवर जोरात अपील झालं. ह्यानं फलंदाजाला नाबाद दिलं, आणि मग चालत गोलंदाजापाशी जाऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "बॉल एकदम बराबर होता. आउटच म्हणा ना." दोन्ही संघ खूश झाले. धावा लिहिणारा तेवढा डोकं धरून बसला.

तर अशा माणसाकडं मागच्या वर्षी मोसंबीवाल्यांचं काम आलं. आमच्या भागातल्या बागवाल्यांनी मिळून एक शेतकरी कंपनी काढली आहे. आंबे बहाराची, म्हणजे मोसंबीच्या मोठ्या हंगामाची, तोडणी सुरू झाली की सगळ्यांना गाड्या आणि मजूर एकाच दिवशी हवे असतात, मग भांडणं होतात. त्यासाठी प्रत्येकाला फोनवर तोडणीचा नंबर देणारं सॉफ्टवेअर त्यांना हवं होतं. कंपनीचे अध्यक्ष रामकिसनकाका. स्वतः बागवाले, बोलायला गोड आणि अटीला कडक.

काका खोलीवर आले, चहा घेतला आणि म्हणाले, "मागं एकानं आम्हाला असंच बनवून दिल्तं. तो गाव सोडून गेला अन् त्याच्यासंगं सगळंच गेलं. आता तसं न्हाई. तुमचा सगळा कोड आमच्या ऑफिसच्या कॉम्प्युटरवर राहील. अन् तिथंच, माझ्या डोळ्यासमोर, त्याचं सॉफ्टवेअर बनून चाललं पाहिजे. उद्या तुम्ही कुठं गेले तरी आमचं अडू नये."

अट रास्त होती. काम पसंत पडलं तर पुढची सगळी वर्षं ते आमच्याकडंच राहणार होतं, म्हणजे मुजाहिदला आईजवळ राहून पोट भरता येणार होतं. नाही पडलं तर खोली बंद करून पुणं गाठण्यावाचून दुसरा रस्ता नव्हता. त्यात जुन्या कंपनीच्या साहेबांचा त्याच सुमारास फोन आला की वरची जागा रिकामी झाली आहे, येतोस का. मी समोरच बसले होते. हा म्हणाला, "येतो की, साहेब. बिलकुल येतो." संध्याकाळी त्याच्या आईनं विचारलं तर तिला म्हणाला, मी कुठं चाललो, मी इथंच आहे. आई म्हणाली, जा बेटा, माझी फिकर करू नको.

"दोन्हीकडं हो म्हणाले तुम्ही?" मी दुसऱ्या दिवशी विचारलं.

"दोघायलाबी वाईट वाटायला नको ना, ताई. अजून टाईम आहे. काहीतरी निघेल रस्ता."

आता कामाचं सांगते. कोड लिहायला एक एडिटर लागतो, म्हणजे लिहिण्याची पाटी समजा. आणि लिहून झालेला कोड, बाहेरून आणलेल्या लायब्ऱ्या, म्हणजे दुसऱ्यांनी लिहून ठेवलेले तयार तुकडे, असं सगळं गोळा करून त्यातून चालणारा प्रोग्राम बांधून द्यायला बिल्ड टूल लागतं. लग्नात शिधा सगळीकडून येतो, पण पंगतीत वाढण्याजोगं जेवण आचारीच करतो, तसं. एडिटर कुठला आणि बिल्ड टूल कुठलं, हे काम सुरू करण्याआधी ठरवावं लागतं.

ठरवायला आम्ही चौघं बसलो. मी पहिल्यापासून एडिटर एक्लिप्स आणि बिल्ड टूल मेव्हनवाली. कॉलेजात हात बसला तो बसला. अक्षता आमच्यात नवी, घनसावंगीहून रोज येणारी, इंजिनिअरिंग नुकतंच झालेलं. तिचं व्हीएस कोड आणि ग्रेडल. मेव्हनची फाईल वाचता वाचता माणसाचे केस पिकतात, असं ती माझ्या केसांकडं बघून म्हणाली. तिसरा सोमेश्वर. त्याची स्वतःची मोसंबीची बाग आहे, सकाळी पाणी सोडून मग येतो. तो काळ्या पडद्यावर व्हिम उघडतो, माऊसला हात लावत नाही, आणि बांधणीला त्याला जुनं मेक हवं. तुमचं ग्रेडल सुरू होईस्तोवर माझा एक वाफा भिजून जातो, असं त्याचं म्हणणं. मग जी जुंपली, ती खालच्या दुकानातली गिऱ्हाइकं मान वर करून बघायला लागली.

मुजाहिद सगळ्यांचं ऐकत होता. मी बोलले, तो म्हणाला, बराबर आहे. अक्षता बोलली, तिलाही बराबर आहे. सोमेश्वरलाही तेच. मग खिशातून पेन काढून त्यानं टेबलावरच्या रद्दी कागदावर मांडणी केली. बागांचा सगळा तपशील ठेवणारा सर्व्हरचा भाग माझा, तो मेव्हननं बांधायचा. शेतकऱ्याच्या फोनवर चालणारं ॲप अक्षताचं, ते ग्रेडलनं. मेसेज पाठवायचे छोटे प्रोग्राम सोमेश्वरचे, ते मेकनं. आधी कुणाचं चालणार यावरून रुसवा नको म्हणून पहिला मान ग्रेडलला दिला, मेव्हन मधे, आणि शेवटी सगळं एकत्र बांधायचा मान मेकचा.

"सगळ्यायचं राहिलं," तो समाधानानं म्हणाला.

सगळ्यांचंच राहिलं होतं, त्यामुळं कुणी काही बोललं नाही. मला तर बरंच वाटलं, माझं मेव्हन शाबूत होतं. अक्षताचा चेहराही खुलला. सोमेश्वरनं बागेतली मोसंबी सोलून सगळ्यांना दिली. गावाकडं भांडण असंच मिटतं, प्रत्येकाच्या डोक्यावर टोपी घालून, आणि लग्नात ते चालूनही जातं कारण लग्न एका दिवसात उरकतं.

सॉफ्टवेअर उरकत नाही. पहिल्या आठवड्यापासूनच गंमत सुरू झाली. एडिटरला सवय असते, फाईल सेव्ह करताना ओळी आपल्या पद्धतीनं मागं-पुढं सरकवून नीट लावायची. प्रत्येकाची पद्धत वेगळी. मी सकाळी चार ओळी लिहायची, दुपारी अक्षतानं तीच फाईल उघडून सेव्ह केली की तिचा एडिटर माझी अख्खी फाईल पुन्हा मांडून मोकळा. पाहुणी आलेली नणंद आपल्या स्वयंपाकघरातले डबे न विचारता हलवते, तेव्हा होतो तसा माझा संताप व्हायचा. मी पुन्हा माझ्या पद्धतीनं लावायची. मग खरा बदल काय झाला ते कुणालाच सापडायचं नाही. सोमेश्वर म्हणायचा, "तुम्ही दोघी निस्त्या ओळी सरकून राह्यल्या, काम मीच करून राह्यलो."

बांधणीची तऱ्हा त्याहून वरताण. माझ्या मेव्हनच्या जुन्या मांडणीला जुना जावा, म्हणजे आम्ही लिहितो त्या भाषेची जुनी आवृत्ती, लागायचा, अक्षताच्या ग्रेडलला नवा. मुजाहिदच्या लॅपटॉपवर दोन्ही होते. बांधणी अर्ध्यावर आली की तो हातानं एक बाजूला सारायचा आणि दुसरा पुढं करायचा, जसं एका पाहुण्याला निरोप देता देता दुसऱ्याचं स्वागत करावं. त्यामुळं पूर्ण सॉफ्टवेअर बनायचं ते फक्त त्याच्या लॅपटॉपवर आणि फक्त त्याच्या हातानं. आम्हाला त्यात काही वावगं दिसलं नाही. अवघड गोष्ट मुजाहिदभाईंवर सोपवायची, ही सगळ्या गावाचीच सवय.

तोडणी तोंडावर आली तेव्हा काकांनी ऑफिसात बोलावलं. कंपनीचे सगळे संचालक आले होते. मोसंबीचा रस ठेवला होता. मुजाहिदनं कोड ऑफिसच्या कॉम्प्युटरवर घेतला आणि बसायला खुर्ची ओढली, तर काका म्हणाले, "तू ऊठ. मी करतो. काय दाबायचं सांग."

त्यांनी दाबलं. त्या कॉम्प्युटरला मेक हा प्रकारच ठाऊक नव्हता. सोमेश्वरनं घाईघाईनं फोनच्या नेटवरून तो आणून बसवला. पुन्हा दाबलं. ग्रेडल चाललं. मग मेव्हन जावावरून अडलं. मी जुना जावा बसवला, तर पुढच्या वेळी ग्रेडल अडलं. अक्षतानं नवा पुढं केला, तर माझं अडलं. पडद्यावर लाल ओळींची रांग लागली. संचालकांचा रस पिऊन झाला, काही जण घड्याळ बघायला लागले. मुजाहिदच्या कपाळावर घाम आला होता आणि तो प्रत्येकाकडं बघून हसत होता. त्याचं ते हसणं मला बघवेना.

"तुझ्या लॅपटॉपवर चालतं ना हे?" काकांनी विचारलं.

"चालतं, काका."

"मंग तू काय जन्मभर लॅपटॉप घेऊन आमच्या ऑफिसात बसणार का?" काका रागावले नव्हते, त्यामुळं ते जास्त लागलं. "सोमवारी पुन्हा दाखवा. मंगळवारी दुसरे लोक येऊन राह्यले दाखवायला. सोमवारी न्हाई जमलं तर मी सगळ्यायला थांबवू शकत न्हाई."

परत येताना गाडीत मुजाहिदच म्हणाला, "चूक माझी आहे. कुणी मनाला लावून घेऊ नका."

तिथं माझा बांध फुटला. "मनाला कसं लावून घेऊ नका? तुमची आई इकडं, नोकरी तिकडं, अन् तुम्ही आमची मनं सांभाळून राह्यले. तीन तिघाडा काम बिघाडा, लहान लेकराला ठाऊक असतं. मुजाहिदभाई, तुम्ही सॉफ्टवेअर बनवून राह्यले का लग्न लावून राह्यले? एकाला हो म्हणायचं तर दोघांना न्हाई म्हणावं लागतं. म्हणा एकदा. आम्ही काय मरून न्हाई जाणार."

अक्षता खिडकीबाहेर बघायला लागली. उतरताना मुजाहिदनं नेहमीसारखं सगळ्यांना नीट घरी जा म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आमच्या आधी खोलीवर येऊन बसला होता. चहा मागवलेला नव्हता. आम्ही टेकलो तसा म्हणाला, "बांधणी एकट्या ग्रेडलनं होईल. मेव्हन काढायचं. मेकबी काढायचं."

त्यानं कारणं सांगितली, एकेक, सावकाश. फोनच्या ॲपला ग्रेडल लागणारच, ते सुटत नाही. सर्व्हरचा भाग त्यावर आणता येतो, उलटं करायला गेलं तर वाट लांबची. आणि ग्रेडल आपली ठरलेली आवृत्ती स्वतःच आणून घेतं, म्हणजे काकांच्या ऑफिसात कुणाला काही बसवायला नको. जावाही एकच, नवा. मग माझ्याकडं बघून म्हणाला, "सुरेखाताई, तुमच्या मेव्हनमधी खोट न्हाई. पण मी ते ठेवणार न्हाई."

आदल्या दिवशी न्हाई म्हणा म्हणून ओरडणारी मीच. पण पहिलं 'न्हाई' माझ्याच पदरात पडेल असं मला वाटलं नव्हतं. तडक घरी गेले. दुपारच्या भाकरी मी अशा थापल्या की यजमानांनी एक तुकडा मोडून माझ्याकडं पाहिलं आणि काही न बोलता जेवून घेतलं. राग होता, आणि रागाखाली भलतंच काही होतं. इतकी वर्षं हात बसलेली गोष्ट कुणी बाजूला ठेव म्हटली की वाटतं, आपल्यालाच बाजूला ठेवलं. भांडी घासून होईपर्यंत मी सगळी कारणं मनात उलटीपालटी करून पाहिली. एकही खोटं निघेना. मग पदर खोचला आणि परत गेले.

"सरक," मी अक्षताला म्हटलं, "अन् दाखव तुझं ते ग्रेडल."

पोरगी बिचारी इतकी घाबरली होती की ताई, ताई करत तिनं प्रत्येक ओळ दोनदा सांगितली. सोमेश्वर म्हणाला, मला कुठं काय, आणि त्यानं आपले मेसेजचे प्रोग्राम निमूट नव्या मांडणीत आणले. एडिटरचं मुजाहिदनं वेगळं ठरवलं. एडिटर ज्याचा त्याचा, त्याला कुणी हात लावायचा नाही. पण ओळी कशा लावायच्या याचा एकच नियम, तो एका फाईलमध्ये लिहून कोडबरोबर ठेवला, आणि तिघांचे एडिटर तो वाचून मुकाट तसं वागायला लागले. चूल एक असली की ताट ज्याला जे आवडेल ते घ्यावं. हे पहिल्या दिवशी का सुचलं नाही म्हणून मला पुन्हा राग आला, पण तो किरकोळ होता. माझी जुनी मेव्हनची फाईल मी स्वतः काढून टाकली. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

सोमवारी काकांनी पुन्हा स्वतः दाबलं. लाल ओळ आली नाही. काकांना विश्वास बसेना, त्यांनी बनलेलं सगळं पुसायला लावलं आणि पुन्हा दाबलं. पुन्हा बनलं. मग त्यांनी सोमेश्वरच्या बागेचं नाव टाकलं, आणि सोमेश्वरच्या खिशातला फोन वाजला, तोडणीच्या नंबराचा मेसेज. संचालक हसायला लागले. काका उठून मुजाहिदच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "काम तुमचं. मंगळवारच्या लोकायला मी सांगतो, येऊ नका म्हणून. बघ, असं सांगावं लागतं."

आम्ही चौघं तसेच मुजाहिदच्या घरी गेलो, नूरबीचाचींना सांगायला. त्या पलंगावर बसल्या होत्या. समोर बॅग उघडी होती, तिच्यात मुजाहिदचे शर्ट इस्त्री करून, घडी घालून ठेवले होते, वर चिवड्याची पिशवी. मुजाहिद दारातच थांबला.

"पुण्याहून फोन आल्ता," चाची म्हणाल्या. "तू फोन घरी विसरून गेल्तास. साहेब म्हणाले, एक तारखेला येतोय ना. मी म्हटलं, येतो, हो." त्यांनी शर्टावरून हात फिरवला. "जा बेटा. मी राहते इथं. मला काय होतंय."

मला तेव्हा कळलं की हा माणूस असा कुणावर गेला.

मी सांगून टाकलं की काम मिळालं, जायची गरज नाही. चाची हसल्या, छान झालं म्हणाल्या, आणि तरी शर्ट सारखा करत राहिल्या. मोठ्या जागेवरचं बोलावणं आहे, पोरानं ते आपल्यापायी सोडू नये, एवढंच त्यांच्या मनात होतं. मुजाहिदनं पलंगावरचा फोन उचलला आणि आमच्यासमोरच पुण्याला लावला. साहेबांची तब्येत विचारली. मुलांच्या शाळेचं विचारलं. पुण्यातल्या पावसाचंही विचारलं. मला वाटलं, आता हा पुन्हा येतो म्हणून फोन ठेवणार. मग तो थांबला आणि म्हणाला, "साहेब, मी येणार नाही. आधी हो म्हणालो, ते म्हणायला नको होतं. तुम्हाला ताटकळत ठेवलं." पलीकडून बराच वेळ बोलणं चाललं होतं. हा ऐकत राहिला, हो हो म्हणाला नाही. शेवटी पुन्हा तेच म्हणाला, आणि फोन ठेवला.

चाची म्हणाल्या, "माझ्यासाठी कायको रे मना केला?"

तो त्यांच्यापाशी खाली बसला. "अम्मी, तू मला रोज जा म्हणती. आज सच्ची बोल. मी जाऊ का?"

चाचींनी आमच्याकडं पाहिलं. तीन परकी माणसं समोर असताना आपल्याला काही हवं आहे असं सांगणं त्यांच्या आयुष्यात बसत नव्हतं. अक्षताचे डोळे भरले होते, माझेही. सोमेश्वर उगाच चपलेकडं बघत होता.

"नक्को जा," त्या म्हणाल्या. मग बॅगेतला वरचा शर्ट काढून त्यांनी तो खुंटीला लावला आणि दुसरा काढायला हात घातला.